लेकींची जीप

मतदार यादीत माझं नाव दोनदा होतं. नामपूरला माहेरच्या नावाने आणि नाशकात सासरच्या. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. पुढे रेशनकार्डावर तेच लागलं आणि यादीतही तेच आलं. जुनं नाव काढायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही. आमच्या गावच्या बऱ्याच लेकींचं असंच आहे. बाई एकच, कागदावर मात्र दोघी.

गावात याला कोणी चूक म्हणत नाही. दिल्लीच्या, म्हणजे लोकसभेच्या निवडणुकीला माझा धाकटा भाऊ लेकींसाठी जीप पाठवतो. मागच्या वेळी मी सकाळी नाशकातल्या द्वारका चौकात उभी राहिले. एकजण निफाडहून बसने आली होती, वाटेत आणखी दोघी चढल्या. जीपमध्ये सगळ्या हसत होत्या, कारण घरी आमरस आणि मांडे होते आणि सणाशिवाय माहेर मिळालं होतं. कोणाला मत द्यायचं हे भावाने उतरता उतरता सांगितलं.

केंद्राबाहेर चिठ्ठ्या द्यायला अंगणवाडीची बाई बसली होती. गावच्या मतदार यादीचं कामही तिच्याकडेच असतं. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. तिने यादीत माझं जुनं नाव शोधलं, मग मान वर करून विचारलं, “तू आते कोठे राहस?”

मी खाली बघितलं. लहानपणापासून मला चार माणसांत बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने चिठ्ठी दिली. पण त्या वेळी मी लाजले नव्हते. मी खोटं बोलले होते, फक्त तोंड न उघडता.

त्या वर्षी मी नाशकात मत दिलं नाही, म्हणजे मत एकच दिलं. तरी बोटावरची शाई जाईपर्यंत साडीला फॉल लावताना ते बोट मला दिसत राहिलं. आमच्या बाजूचा माणूस थोडक्यात निवडून आला. भाऊ फोनवर म्हणाला, “लेकीस्नी काढं यंदा.” लेकींनी तारलं.

यंदा याद्या तपासायला सुरुवात झाली, तेव्हा मी ठरवलं. एका रविवारी बसने नामपूरला गेले आणि जेवण झाल्यावर भावाला सांगितलं की इथलं नाव काढून टाकायचा अर्ज देणार आहे.

तो आधी हसला. “ताई, तुले कोनी काही बोलनं का?”

“नाही.”

“मग तठे काय करशी? नाशकात तुनं मत म्हंजे गंगामा एक तांब्या पानी. तठे कोण येईल ते आधीच ठरेल शे. आठे दोन गावं हालनात का दिल्लीमा खुर्ची हालस.”

ते खोटं नव्हतं. मोठे नेते नाशकात एक सभा घेऊन जातात, पण आमच्या टापूत ते तीन-तीनदा येतात, कांद्यावर बोलतात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात. इथली पाच-सात गावं कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जातात. भाऊ पुढे म्हणाला की समोरचेसुद्धा त्यांच्या लेकी आणतात, मेलेल्यांची नावंसुद्धा काढत नाहीत, मग आपणच कशाला शहाणपण करायचं. वहिनी भांडी आवरत होती, ती थांबली.

मला उत्तर पटकन सुचत नाही. पण हे मी बसमध्ये येताना जुळवून ठेवलं होतं. मी म्हटलं, “भाऊ, बाजार समितीच्या भुईकाट्याआधी बाबा आपल्याला उतरवायचे, आठवतं?”

आम्ही दोघं लहानपणी ट्रॉलीत कांद्यावर बसून बाजारात जायचो. ट्रॅक्टर वजनाला काट्यावर चढायच्या आधी बाबा तो थांबवायचे आणि म्हणायचे, “उतरा खाले. तुमनं वजन कांदास्मा नको.” बाकीच्यांची पोरं वरच बसलेली असायची. दोन पोरांनी असा काय फरक पडतो, असं हमालही म्हणायचे. बाबा तरी उतरवायचे.

मी म्हटलं, “इथला काटा नाजूक आहे, तूच सांगतोस. म्हणून तर उतरायचं. इथे कांद्याचा भाव पडला तर तू भोगतोस. मी नाशकात राहते. तिथे आमच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, ते मी भोगते.”

एवढं सलग मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तो उठून ओसरीवर गेला आणि तिथून म्हणाला, “काढ नाव. माहेरबी काढी टाक.”

ते मला लागलं. तरी मी पिशवी उचलली.

अंगणवाडीची बाई घरीच होती. तिने अर्ज भरायला घेतला आणि विचारलं, “कारण काय लिहू?”

“मी इथे राहत नाही, असं लिही,” मी म्हटलं. या वेळी तिच्याकडे बघून म्हटलं.

खाली सही करायची होती. जुन्या नावाची सही मी चौथीत शिकले होते, पाटीवर गिरवून. तीच केली. अक्षर अजून तसंच आहे, जरा उजवीकडे झुकलेलं. पुसलं जाणारं नाव आपल्याच हाताने लिहिताना पेन एकदा थांबलं, पण मी पूर्ण लिहिलं.

परत आले तर वहिनीने कांद्याची गोणी बांधून ठेवली होती, नेहमीसारखी. भावाने ती मोटारसायकलवर पुढे घेतली आणि मला मागे बसवून थांब्यावर आणलं. बस आल्यावर गोणी वर चढवली, खाली उतरला आणि खिडकीपाशी आला.

“भाऊबीजले जीप धाडू का नको?” त्याने दुसरीकडे बघत विचारलं.

“बसने येईन,” मी म्हटलं.