निवडून न आलेल्या नगरसेविका

आमच्या नगरसेविकाबाईंना हळू आवाजात बोलता येत नसे. कायझर्सलाउटर्नमधल्या आमच्या गल्लीत दुपारच्या जेवणानंतर शांतता पाळायची पद्धत होती. त्या वेळात जर्मन माणूस शिंकसुद्धा रुमालात दाबून देतो. नेमक्या त्याच वेळी बाई गॅलरीत उभ्या राहून फोनवर अमेरिकेला शिव्या घालत. पलीकडे त्यांची धाकटी बहीण डोरिस असे. शेजारचे हेर क्लाइन, म्हणजे क्लाइनसाहेब, धाडकन खिडकी लावून घेत. मग बाई त्या खिडकीकडे बघून म्हणत, "लाव बाबा, लाव. तुझं सरकार ऐकतं म्हणून तुला झोप येते."

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. अमेरिकन, कृष्णवर्णीय, साठी उलटलेल्या, उंचीने हेर क्लाइनपेक्षा वीतभर जास्त. मी नागपूरहून संशोधनासाठी आले तेव्हा घर शोधून शोधून रडकुंडीला आले होते. प्रत्येक जर्मन मालक पगाराची पत्रं, बँकेचा दाखला, जामीन मागायचा. बाईंनी माळ्यावरची खोली दाखवली आणि एकच प्रश्न विचारला, "तू भांडतेस का?"

"अजिबात नाही," मी अभिमानाने म्हणाले.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "राहा तरी. शिकशील."

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण बाई पहिल्या दिवसापासून माझ्याशी अरे-तुरेतच बोलत होत्या याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी मात्र त्यांच्याशी शेवटपर्यंत 'तुम्ही'नेच बोलले, इंग्रजीतसुद्धा.

'नगरसेविका' हे नाव आम्हा मराठी मंडळींनी ठेवलेलं. कोपऱ्यावरचा दिवा गेला, फुटपाथवर बर्फ साचलं, बसथांब्याचं बाकडं कुणी मोडलं, की बाई थेट राटहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन उभ्या राहत. त्यांची जर्मन भाषा अमेरिकन सैन्याच्या कँटीनमध्ये शिकलेली होती. व्याकरण शून्य, शिव्या भरपूर. काम मात्र होई. अर्थ सांगितला तेव्हा बाईंना नाव इतकं आवडलं की त्या फोन उचलताना आपल्या उच्चारात 'नागरसेविका' म्हणू लागल्या. त्यांच्या बँकेत त्यामुळे काही काळ गोंधळ झाला.

अमेरिकेतल्या त्यांच्या शहराचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या नगरपालिकेशी त्यांचं भांडण अजून चालू आहे. उत्तरेकडचं, कारखाने बंद पडलेलं शहर, एवढं पुरे. बाईंच्या लहानपणी त्यांच्या वस्तीच्या मधोमध मोठा महामार्ग नेला. अर्धी गल्ली गेली, शाळा एका बाजूला आणि मुलं दुसऱ्या बाजूला राहिली. मग बँक गेली, दवाखाना गेला, भाजीचं दुकान गेलं. "सैन्यभरतीचं ऑफिस तेवढं उघडं होतं," बाई सांगत. "आत हीटर होता. मी ऊब घ्यायला गेले आणि शिपाई होऊन बाहेर आले." सैन्याने त्यांना जर्मनीत आणलं. नोकरी संपली तेव्हा होर्स्ट नावाच्या एका सुताराशी लग्न करून त्या इथेच राहिल्या. होर्स्ट मी यायच्या आधीच गेला होता. फोटोत तो कायम काहीतरी ऐकून घेत असल्यासारखा दिसे.

गरिबीबद्दल कुणी हळहळून बोललेलं बाईंना खपत नसे. एकदा माझ्या संस्थेतला एक सहकारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला की अमेरिकेतल्या शहरांची दुर्दशा बघून वाईट वाटतं, कशी झाली कोण जाणे. बाई घेवडा चिरत होत्या. सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "मला माहीत आहे ना. बैठक झाली. एका खोलीत चांगले कपडे घातलेली माणसं बसली, कॉफी प्यायली आणि हात वर केले. गरिबी काही पावसासारखी पडत नाही, मुला. तिची बैठक होते. आपल्याला बोलावत नाहीत, इतकंच." सहकारी 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', करत राहिला. त्याला घेवड्याची भाजी मात्र दोनदा वाढली.

एका संक्रांतीला मी बाईंना मानहाइमच्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला घेऊन गेले. त्यांनी पुरणपोळ्यांचा असा समाचार घेतला की वाढणाऱ्या काकू कौतुकाने त्यांच्याशेजारीच उभ्या राहिल्या. तेवढ्यात गेर्लिंगेनहून आलेले एक इंजिनियर काका माझ्याशी बोलू लागले. आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा, म्हणजे मूळचे कुठले?" नागपूर. "नागपूर ठीक, पण मूळ गाव?" तेही सांगितलं. "नाही, म्हणजे घरी देव वगैरे कुठले?" मी तिळगूळ तोंडात टाकला आणि हसले. काकाही हसले आणि दुसरीकडे वळले.

परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "त्या माणसाला काय हवं होतं? तुझ्या अंगाला हात न लावता तो तुझे खिसे तपासत होता."

मी त्यांना सांगितलं. जात म्हणजे काय, आम्ही बौद्ध का आणि कसे झालो, माझे आजोबा काय काम करायचे, आणि परदेशात आल्यावरही आडनावाशी लोक कसे थबकतात. इतकं सगळं मी तोवर जर्मनीत कुणाला सांगितलं नव्हतं. बाई एकदम इतक्या मोठ्याने हसल्या की डब्यातली दोन माणसं उठून पुढे गेली.

"म्हणजे तुम्ही सगळे दिसायला सारखे, म्हणून बिचाऱ्यांना एवढी चौकशी करावी लागते! आमच्याकडे बघ, काम किती सोपं. चेहरा बघितला की झालं!" हसता हसता त्यांनी माझा हात धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या वर्षी मी एकटीच गेले. काकांनी पुन्हा विचारलं, बहुधा मागचं विसरले असावेत. या वेळी मी आडनाव, गाव, धर्म, आजोबांचं काम सगळं खणखणीत आवाजात सांगितलं आणि विचारलं, "आता तुमचं सांगा काका, सुरुवातीपासून." काकांना चहा आठवला. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाईंनी होर्स्टच्या कपाटातली जुनी वाइन उघडली.

त्याच वसंतात डोरिसच्या गल्लीतली बस बंद झाली. डोरिसचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीन वेळा तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. प्रवासी कमी म्हणून मार्ग बंद, असं थांब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं. कधी शेजारी नेई, कधी चर्चमधलं कुणी. एकदा कुणीच आलं नाही आणि डोरिसला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्या दिवशी फोनवर बाई ओरडल्या नाहीत. हेर क्लाइननी खिडकी उघडून वर बघितलं आणि मला खुणेने विचारलं, काय झालं?

महिन्याभरात बाई घराच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन अमेरिकेला गेल्या. बहिणीला स्वतःच्या गाडीने नेऊ-आणू लागल्या. तिथे वास्तव्य पुरेसं झाल्यावर त्यांनी नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी अर्ज भरला.

समोरचा उमेदवार अनेक वर्षं निवडून येणारा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी टर्की पक्षी वाटायचा. बाई चर्चमधल्या सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "टर्की घ्या. पोटभर खा. ती तुमच्याच पैशांची आहे. मग मत मला द्या." लोक खूप हसले. पाद्रीसुद्धा. आम्ही इकडून पोस्टर बनवून पाठवलं. फोटोत हसा म्हटलं तर बाई म्हणाल्या, "मी टूथपेस्ट विकत नाहीये."

बाई हरल्या. साध्यासुध्या नाही, सपाटून हरल्या. मतदान केंद्र बदललं होतं, आणि नवं केंद्र बंद पडलेल्या बसच्याच मार्गावर, पार पुढे होतं. बाईंच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या तिथे पोचूच शकल्या नाहीत. बाईंनी दिवसभर जमतील तितक्या फेऱ्या मारल्या, पण गाडीत माणसं मावणार किती? मी फोनवर सांत्वन करायला गेले. "गप्प बस," त्या म्हणाल्या. "काय हुशार बैठक होती, बघितलंस? मान द्यावा असं काम केलंय."

आम्हाला वाटलं, आता परत येतील. आल्याही, पण फक्त घर रिकामं करायला. होर्स्टचं कपाट हेर क्लाइनना दिलं. ते कपाटाच्या दारावरून हात फिरवत म्हणाले, "आल्झो... चला, आता दुपारी झोप येईल," आणि त्यांनी कपाटाचं दार उगाच उघडून पुन्हा लावलं. बाईंनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा घसरला.

फ्रँकफर्ट विमानतळावर मी विचारलं, "तिथे काय करणार तुम्ही? निवडून तर आला नाहीत."

"बैठकांना जाणार. बोलावलेलं नसताना जायला मतं लागत नाहीत, पोरी. बूट लागतात."

त्या खरोखरच प्रत्येक बैठकीला गेल्या. नागरिकांना तिथे थोडा वेळ बोलू देत, मग माइक बंद करत. बाईंना माइकची गरज कधी होती? हळूहळू त्यांच्यामागे गल्लीतल्या म्हाताऱ्या जाऊ लागल्या, मग डायलिसिस केंद्रातल्या नर्स. मला फोन करून बाई प्रत्येक बैठकीची नक्कल करून दाखवत. अध्यक्षांचा खोकला त्या फार सुंदर काढत.

मागच्या हिवाळ्यात डोरिस गेली. न्यूमोनियाने. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मी पुन्हा केला तर उचलला नाही.

वसंतात बस सुरू झाली. आठवड्यातून तीन दिवस, डायलिसिसच्या वेळेला धरून. पहिल्या दिवशी बाईंनी मला व्हिडिओ कॉल केला. चर्चला घालायची जांभळी हॅट घालून त्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या होत्या. शेजारची सीट रिकामी होती. मागे दोनतीन म्हाताऱ्या होत्या. बाई नुसता फोन खिडकीला लावून मला गल्ली दाखवत होत्या. महामार्गाचा पूल गेला, बंद दुकानं गेली, शाळा गेली. डायलिसिस केंद्र आलं तेव्हा बाई उतरल्या, दारापर्यंत चालत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मला नुसती हॅटची कड आणि आभाळ दिसत होतं.

"बाई," मी म्हणाले, "बऱ्या आहात ना?"

"उशिरा आली," त्या म्हणाल्या. मग घसा खाकरून नेहमीसारख्या ओरडल्या, "आणि सीट किती लहान आहेत! गुरुवारी बैठक आहे, सांगते त्यांना."