बिनसाखरेचं दूध

दिवेआगरला आमच्या घरी पर्यटक उतरतात. दुपारी जेवणं आटोपली की त्यांना झोप हवी, आणि माझी दीड वर्षांची लेक नेमकी तेव्हाच भोकाड पसरायची. मग मी तिच्या तोंडात दुधाची बाटली द्यायची. चोखता चोखता ती झोपायची, बाटली तशीच तोंडात. दुधात साखरेचा कणही घालत नाही, याचा मला केवढा तोरा होता.

तिचे पुढचे दात हिरडीपाशी तपकिरी दिसू लागले, तेव्हा माझा संशय सासूबाईंवर गेला. पूजा झाली की त्या नातीच्या हातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवायच्या. एवढ्यावरून माझी धुसफूस चाललेली. एका दुपारी पुण्याच्या एका पाहुण्या बाईंनी पोरीच्या दातांना काय झालं म्हणून विचारलं. सासूबाई तिथेच वाढत होत्या. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "आजीचे लाड चालतात ना आमच्याकडे, त्याचा प्रसाद आहे हा." सगळे हसले. सासूबाईंनी पंगतीला आमटी वाढली आणि त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांनी नातीच्या हातावर काही ठेवलं नाही. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

पुढे म्हसळ्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं ते, ही झोपते कशी. बाटलीचं ऐकून म्हणाल्या, दुधाला स्वतःची साखर असतेच. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांशी साचून राहतं, तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि त्यानं दात झिजतो. रोजच्या एका खड्यापेक्षा हे जास्त नडलं असणार. आणि जंतू? ते बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी उष्ट्या चमच्यातून येतात. पेज गरम आहे का ते मी रोज स्वतः चाखून बघायची आणि त्याच चमच्यानं तिला भरवायची. माझी एक दाढ किडलेली, लवंग दाबून दिवस काढत होते. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, त्यातली गत.

घरी आले तेव्हा सासूबाई मागच्या पडवीत सुपारी सोलत होत्या. शेजारी बसून मी सगळं सांगितलं, चुकलं म्हटलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला सांगितलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पन त्या पावन्यांना कोन सांगनार?"

ती माणसं केव्हाच पुण्याला परतली होती. दिवेआगरच्या त्या घरातली म्हातारी नातीचे दात किडवते, एवढंच ती आमच्याबद्दल सांगत असतील.