दादाची गाडी का आली नाही

माझ्या थोरल्या भावाने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली, आणि म्हणूनच आयुष्यभर तो शेजारच्या सीटवर बसला. हे सांगितलं की लोक हसतात, पण तुम्हीच विचार करा. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी म्हणजे डोक्यावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक, आणि स्टीअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. रविवारी ती घासूनपुसून लख्ख करायची, की सोमवारी कोणीतरी नवशिका तिचा क्लच जाळायला हजर. घरची म्हणावी अशी गाडी दादाकडे कधी नव्हतीच. वहिनींना माहेरी जायचं असलं की गावाला गाडी शिकवणारा हा माणूस बायकोची पिशवी उचलून तिला बसस्टँडवर पोचवायला चालत जायचा.

सगळे त्याला मास्तर म्हणतात. तोंडाचा फटकळ, तो आमच्या घराण्याचा गुणच आहे. शिकायला आलेल्याला जमत नसेल तर जमत नाही असं तोंडावर सांगायचा. एका बाईंना म्हणाला होता, "आरसा मागची गाडी बघायला आहे. तुमची टिकली जागेवर आहे, मी सांगतो." बाई रागावून महिनाभर आल्या नाहीत, आणि मग आल्या त्या नीट शिकायलाच. लोक त्याला शिव्या देत पण पोरं त्याच्याकडेच पाठवत.

गुडघे बोलायला लागल्यावर त्याने स्कूल बंद केली, आणि वर्षभराने एका संध्याकाळी खाली माझ्या खोलीत आला. मी शाळांचे गणवेश शिवते. माझ्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, छोटी, इलेक्ट्रिक गाडी बुक केली. मी बासष्ट वर्षांची आहे, तरी त्याच्यासाठी छोटीच. गाडीला आवाज नाही, धूर नाही आणि क्लच नाही. 'क्लच नाही' म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला, जणू जुनं दुखणं अंगातून गेलं. रंग वहिनींनी निवडला होता. पहिली फेरी कुठे, तेही ठरलं होतं: वहिनींच्या माहेरी, स्टीअरिंगवर दादा आणि शेजारच्या सीटवर वहिनी. गाडी चार महिन्यांनी येणार होती.

दोन महिने झाले आणि शोरूममधून कासवाचा फोन आला. कासव म्हणजे तिथला सेल्समन. दादाच्याच हाताखाली शिकला, तीन वेळा नापास झाला, इतका हळू चालवायचा की सायकलवाले त्याला ओलांडून जात. तो म्हणाला, मास्तर, तुमच्या भल्याचं सांगतो, याच गाडीला नवी बॅटरी येतेय. आताची एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटर जाते, नवी पाचशे जाईल, चहा पिऊन होईपर्यंत निम्मी भरेल आणि जास्त वर्षं टिकेल. ऑर्डर थोडी पुढे ढकलू का?

आता गंमत बघा. वहिनींचं माहेर आहे तीनशे तीस किलोमीटरवर. जुन्या बॅटरीला नेमके तीस कमी पडत होते. कपडा अंगाचं माप घेऊन शिवलेला असावा तशी ही अडचण बसली होती, आणि माप घेणाऱ्या माझ्या डोळ्यांना तेव्हा ते दिसलं नाही.

दादा विचारात पडला. गाडी रस्त्यात बंद पडणं म्हणजे त्याच्या दृष्टीने भर बाजारात पायजमा सुटणं. रोज मशीनपाशी येऊन बसायचा आणि मला बॅटरी शिकवायचा. थंडीत ती किती दमते, पूर्ण भरून ठेवली तर का बिघडते, जुन्या बॅटरीची गाडी पुढे विकताना कोणी विचारत का नाही. मी हातशिलाई करताना हूं हूं करायचे. माझं मत विचारलं तेव्हा सरळ सांगितलं की हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. वाटेत अर्धा तास थांबा, चहा प्या, गाडीलाही पाजा. फोनचंही दर वर्षी नवं मॉडेल येतं, म्हणून काय माणसं मुकी बसतात?

पण त्या रविवारी जेवायला सगळे होते आणि सगळे थांबा म्हणाले. दादाची मुलगी चिमणी, माझी भाची, चाळिशीची झाली पण नाव सुटलं नाही. ती म्हणाली, बाबा, इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा, चांगली वस्तू घ्या. जावयाने मान डोलावली, तो तेवढंच करतो. वहिनीसुद्धा म्हणाल्या, वाटेत रात्री कुठे अडकलो तर? दादाची स्वतःची शिकवणही तीच होती. शंका आली की ब्रेक, हे त्याने हजारोंना शिकवलं. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, मीच ठरवतो, थांबू या. 'मीच' वर चांगला जोर देऊन म्हणाला. चिमणीने त्याच्या ताटात आणखी वाढलं.

थांबला. पुढे ढकललेली मुदत संपत आली तशी कासवाचा पुन्हा फोन. त्या नव्या बॅटरीत अजून सुधारणा होतेय, आणखी सहा महिने. दादा पुन्हा स्टुलावर. मध्यंतरी तो जरा धांदरट झाला होता. चौकटीला डावा खांदा आपटायचा, ताटाशेजारचा पेला सांडायचा, मी डाव्या बाजूने आले तर दचकायचा. मी म्हणायचे, डोक्यात बॅटरीचं खूळ, लक्ष कुठाय तुझं? डोळ्यांत थेंब टाकत होता, पण या वयात कोण टाकत नाही.

दुसऱ्यांदा थांबायचं ठरलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. अशाने हा माणूस शेजारच्या सीटवरूनच जायचा. मी त्याला म्हटलं, कपडे घाल, आपण शोरूममध्ये जाऊ, मला ती बॅटरी बघायचीच आहे. तो लगेच तयार झाला. त्यालाही आतून तेच हवं होतं.

कासव गिऱ्हाइकाला चक्कर मारायला घेऊन गेला होता. टेबलाशी नवी मुलगी होती. मध्ये दादाचीच गाडी उभी होती, म्हणजे तेच मॉडेल, वहिनींच्याच रंगाचं. दादाने तिच्या छपरावर हात ठेवला आणि नवी बॅटरी नक्की कधी येणार ते विचारलं. मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली की या गाडीला नवी बॅटरी येणार असल्याचं कंपनीने काहीच कळवलेलं नाही. दादाने ऑर्डर सांगितली. ती हसून म्हणाली, "हां, तुमची गाडी केव्हाच मिळाली असती, काका. तुमच्या घरूनच फोन आला होता ना, डोळ्यांमुळे नको म्हणून?"

बिचारीचा काहीच दोष नव्हता. तिला वाटलं, ज्याचे डोळे त्याला माहीत असणारच.

कासव परत आला. दादाला बघितल्याबरोबर त्याला सगळं कळलं आणि तो हातातली किल्ली चाळवत उभा राहिला. दादाचा आवाज चढेल म्हणून मी श्वास रोखला, पण तो चढला नाही.

"तुला मी किती वेळा नापास केलं?"

"तीन वेळा, मास्तर."

"तोंडावर सांगितलं ना? की तुझ्या आईला फोन केला?"

"तोंडावर."

"मग मला एकदा तोंडावर नापास करायला तुझं काय जात होतं?"

कासवाच्या डोळ्यांत पाणी आलं. चिमणीताईंनी हातापाया पडून सांगितलं होतं, असं काहीतरी पुटपुटला. दादा थांबला नाही.

शोरूमच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. तिथे जाऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मला म्हणाला, मी समोर बघतो, तू डावीकडून मागून हळूहळू पुढे ये, बोटं हलवत. दिसलं की सांगतो. मी निघाले. त्याच्या खांद्याच्या रेषेत आले, बोटं हलवली. आणखी पुढे आले. त्याच्या कानशिलाच्याही पुढे माझा हात गेला होता.

"सुरू कर ना," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, मी केव्हाच सुरू केलंय."

त्याने मान वळवून माझा हात बघितला. मग उजवीकडून करायला लावलं. ती बाजू थोडी बरी होती, फार नाही. मला रडू फुटलं, त्याला नाही. त्याने स्वतःला नापास करायला एवढाच वेळ घेतला, आणि तोही खरंतर माझ्या संथपणामुळे.

घरी गेल्यावर सगळं बाहेर आलं. काचबिंदू. डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, गाडी चालवत नाही ना? दादा तोंड उघडायच्या आत चिमणी म्हणाली होती, नाही, स्कूल केव्हाच बंद केलीय. मग एकटी परत आत जाऊन तिने डॉक्टरांना सगळं विचारलं, आणि कडेचं दिसणं गेलंय, ते परत येत नाही, हे ऐकून बाहेर आली आणि दादाला म्हणाली, फक्त थेंब टाकायचेत. वहिनींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, शोरूमला सांगितलं. मला सांगितलं नाही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हे तिने माझ्यासमोरच म्हटलं, आणि ते खरं आहे म्हणून मला जास्तच लागलं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तरी कोणाकडे तक्रार करायची?

चिमणी रडत होती. म्हणाली, "घेऊ नका म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी आणली असती, बाबा. थांबा म्हटलं की तुम्ही थांबता, हे मला माहीत होतं."

दादा म्हणाला, "इतकी वर्षं माझ्या पायाशी दुसरा ब्रेक होता. पण 'ब्रेक मारतोय' असं तोंडाने सांगितल्याशिवाय मी तो एकदाही दाबला नाही. गुपचूप दाबला तर शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली."

वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, मला नको होतं का हो तुमच्या शेजारी बसून जायला? त्याने मान हलवली. पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

ऑर्डर त्याने स्वतः जाऊन रद्द केली. चिमणी आठवडाभर रोज यायची, चुकलं म्हणायची, रडायची. शेवटी एका दिवशी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, पुरे आता, डोळे तुझेही बिघडतील. कासव मिठाईचा पुडा घेऊन आला आणि शिव्या खाऊन गेला, म्हणजे त्याचंही मिटलं. वहिनी माहेरी जाऊन आल्या, बसने, आणि या वेळी दादा बरोबर गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, घर होतं तसं झालं.

पण थेंबांची बाटली हातात घेतली की तो विचारतो, हे तेच आहेत ना? डॉक्टरांकडे जाताना म्हणतो, मी एकटा आत जाणार. जेवण झाल्यावर वहिनींनी भाजी कशी झाली विचारलं की उलट विचारतो, तुला कशी वाटली ते आधी खरं सांग. मागच्या महिन्यात पेपरात मोठी बातमी होती, त्या गाडीला खरोखरच नवी बॅटरी आली, पाचशे किलोमीटरची. मी मूर्खासारखी पेपर घेऊन वर धावले. त्याने दोनदा वाचली, पान उलटून मागे बघितलं आणि विचारलं, हे कोणी छापून आणलं? मला हसू आलं. तो हसत नव्हता.

अजूनही संध्याकाळी तो माझ्या मशीनशेजारी येऊन बसतो. बॅटरीचं बोलत नाही. मी शिलाई मारत असते, मध्येच तो विचारतो, छोटी, तुला खरंच माहीत नव्हतं? मी म्हणते, नव्हतं रे दादा. तो बरं म्हणतो, आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा विचारतो. मी रागावून सांगितलंय, हसून सांगितलंय, आईची शपथ घेऊन सांगितलंय. ज्यांनी त्याला फसवलं त्यांनी कबूल केलं, रडले, आणि त्याने त्यांना माफ केलं. माझ्यापाशी कबूल करायला काहीच नाही, म्हणून त्याला मला माफही करता येत नाही.