एकाच शाफ्टसाठी घासलेलं बेअरिंग

चौथा महिना लागला तेव्हा मी कंपनीत सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी माझं शॉपफ्लोअरवर जाणं बंद झालं. मुटरशुट्स, म्हणजे गरोदर बाईच्या संरक्षणाचा कायदा, जर्मनीत फार कडक. कूलंटची वाफ नको, आवाज नको, तासन् तास उभं राहणं नको. मी इंजिनाचे भाग बनवणाऱ्या लाइनवर क्वालिटी बघायचे आणि मला ते काम मनापासून आवडायचं. "मी आजारी नाहीये हो," असं कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना मी परत परत सांगून बघितलं. त्यांनी हसत हसत सही केली.

आमच्या आवाराच्या एका टोकाला जुन्या गाड्या दुरुस्त करणारं छोटं वर्कशॉप होतं. तिथल्या मापनाच्या खोलीत माझी रवानगी झाली. त्या संध्याकाळी सांगलीहून सासूबाईंचा फोन आला.

"बसून काम आहे ना? मग आवाज का असा पडलाय तुझा?"

"अहो आई, भंगार मोजत बसायचंय तिथे."

"मोज की मग. भंगार तरी तुला उचलायला नाही सांगितलं!"

भंगार म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या एका आलिशान गाडीचं इंजिन होतं. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. वर्कशॉपचे मायस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, साठीच्या जवळ आलेले, उंच, एका खांद्याने जरा अधू. जर्मनमध्ये आम्ही एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचो. मनातल्या मनात मात्र मी त्यांना अहोच म्हणत असे.

त्या इंजिनात शाफ्टला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगची एक टोपी तडकली होती. नवी कुठून मिळणार? म्हणून मायस्टरनी बरीच शोधाशोध करून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन गाठलं होतं आणि गाडीच्या मालकांना ते घ्यायलाही लावलं होतं. त्यातली टोपी काढायची, यात बसवायची, की झालं. मलाही तसंच वाटलं. टोपी बसली, बोल्ट आवळले, आणि शाफ्ट जागच्या जागी जाम झाला.

मी दोन्ही इंजिनं मोजली. आमच्या लाइनवर एवढा फरक आला असता तर मी लाइन थांबवली असती.

"यातलं एक इंजिन चुकीचं बनलंय," मी म्हणाले.

"कुठलं?"

याचं उत्तर द्यायला मी पुन्हा मोजायला बसले. दोन इंजिनांची मापं एकमेकांशी जुळत नव्हती, पण प्रत्येक बेअरिंग आपल्या स्वतःच्या शाफ्टशी अगदी बरोबर जुळत होतं. मग टोप्यांवर, रॉडवर, काही बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा ठोकलेले बारीक आकडे दिसले. मला ते पार्ट नंबर वाटले होते. पण एका इंजिनात सगळीकडे एकच आकडा होता, दुसऱ्यात दुसरा. मायस्टर भिंग घेऊन शेजारी आले आणि बराच वेळ बघत राहिले.

कॉफी पिता पिता आम्ही दोघांनी मिळून ती पद्धत जुळवत आणली. तो कारखाना टोपी आणि खालचा भाग एकत्र बांधून भोक पाडत असणार. मग आत मऊ पांढरा धातू ओतायचा. शाफ्टला निळा रंग लावून तो आत फिरवायचा, रंग जिथे लागेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा फिरवायचा. सगळीकडे सारखा निळा येईपर्यंत हेच. इंजिन चालवून बघायचं, पूर्ण खोलायचं, तपासायचं, परत जोडायचं. खोलल्यावर भागांची सरमिसळ होऊ नये म्हणून ते आकडे. ड्रॉइंगवर मापाच्या जागी नुसतं 'बसेल तसं' लिहून चालत असणार.

"म्हणजे मी मालकांना फुकटच ते दुसरं इंजिन घ्यायला लावलं," मायस्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मालकांना तसं सांगायला ते त्याच दिवशी स्वतः गेले.

नवी टोपी आम्ही मशीनवर बनवली. खरवडणं मात्र हातानेच करावं लागणार होतं. कराडच्या कॉलेजात पहिल्या वर्षी आम्ही कानस घेऊन लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचा जॉब केला होता. हात शिवशिवत होते. पण त्या धातूत थोडं शिसं होतं.

"तू नाही," मायस्टर म्हणाले. "तू लांबून फक्त बघ."

ते अधू खांद्याने खरवडायचे आणि मी काचेपलीकडून निळे ठिपके बघायचे. एकदा त्यांना शाफ्ट अजून घट्ट वाटला. मला वाटलं पुरे. मी बोलले नाही, त्यांनी आणखी हात फिरवला, आणि बेअरिंग ढिलं झालं. सगळा धातू वितळवून पुन्हा ओतायचा. ते स्टुलावर बसून राहिले.

"तुला दिसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पुढच्या वेळी ओरड."

धातू पुन्हा ओतला, थंड झाला. खांदा दुखू लागला की ते थांबायचे, गप्पा मारायचे. एकदा म्हणाले, "याला म्हणतात गाडी बनवणं! हल्लीच्या गाड्यांना हात लागतो का कुणाचा?"

मला पटलं नाही. "माझ्या काकांची जीप साताऱ्याच्या पुढे घाटात बंद पडली होती," मी म्हणाले. "कुठल्याशा गॅरेजातून कुठलासा पार्ट आणला आणि आम्ही जेवायच्या वेळेला घरी पोचलो. तुमची ही गाडी तिथे बंद पडली असती तर?"

"तर फॅक्टरीतून फिटर बोलवावा लागला असता."

"फिटर बोलवता येणाऱ्यांसाठीच होती ती. आमच्या लाइनवरचा पार्ट कुणालाही बसतो."

ते हसले. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले, आणि पुन्हा स्क्रेपर उचलला. त्यांना खरंच पटलं की विषय संपवायचा होता, मला आजही सांगता येणार नाही. माझंही काही सगळं ठरलेलं नव्हतं. लाइनवर हजारो बेअरिंगं माझ्या हाताखालून गेली होती, पण त्यातलं एकही मी इतका वेळ बघितलं नव्हतं.

माझी बाळंतपणाची सुट्टी सुरू व्हायच्या आठवड्यात मी "थांबा!" असं मराठीतच ओरडले. ते थांबले. टोपी बांधली, बोल्ट आवळले. मायस्टरनी एका हाताने शाफ्ट फिरवला. तो आवाज न करता फिरला आणि हळूच थांबला. त्यांनी मला खुणेने बोलावलं, हातमोजे दिले आणि शाफ्टचं टोक धरू दिलं. पोटात बाळ हललं, तसा मी दुसरा हात पोटावर ठेवला.

इंजिन सुरू झालं तेव्हा माझी मुलगी दोन महिन्यांची होती. मायस्टरनी व्हिडिओ पाठवला. ती नुकतीच माझ्या मांडीवर झोपली होती, म्हणून आधी आवाज बंद करूनच बघितला: थरथरणारे पाइप, लांब उभे मालक, कानाला हात लावून वाकलेले मायस्टर. मग तिला, बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या सासूबाईंकडे दिलं आणि बाल्कनीत जाऊन पूर्ण आवाजात ऐकला.

"काय गं, काय आहे एवढं?" सासूबाई दारात आल्या.

मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी मन लावून ऐकलं.

"छान चाललंय की," म्हणाल्या. "पण हे आता नेणार कुठे?"

मी मायस्टरना तेच विचारलं. उत्तर आलं, कुठे नाही, गाडी एका म्युझियममध्ये उभी राहील.

वर्षभराने मी परत लाइनवर रुजू झाले. ते मी स्वतःच मागून घेतलं होतं.