मांडीतली दुहेरी टीप

मास्तरांचा सगळा जन्म शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर गेला. सव्वीस वर्षं पायडल मारून पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण नाक्यापर्यंत चाललं तरी धाप. बायको दवाखान्यात नर्स, दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी. तिच्या डोक्यात एकवीस किलोमीटरची शर्यत शिरली आणि तिनं नवऱ्याचंही नाव परस्पर देऊन टाकलं.

"अगं, मी काय घोडा आहे?"

"नाही ना. म्हणून तर आठ महिने आधी सांगतेय."

आठ महिने दोघं पहाटे पळाली. मास्तर दर रविवारी टेप लावून स्वतःचं पोट मोजायचे. साडेतीन इंच आत गेलं.

पळायची चड्डी मात्र विकत घ्यायला मास्तर तयार नव्हते. अख्ख्या गावाच्या विजारी शिवायच्या आणि स्वतः तयार माल घालायचा? भारी कापड आणून त्यांनी दोघांच्याही चड्ड्या शिवल्या. बायकोनं आपल्या चड्डीची शिलाई आतून साधी ठेवायला लावली. स्वतःच्या चड्डीला मात्र मास्तरांनी मांडीत जाड दोऱ्याची दुहेरी टीप मारली, कारण गिऱ्हाइकाची विजार पहिली तिथंच उसवते. मग इस्त्री करून ती कपाटात ठेवली. नवा कपडा मोठ्या दिवशीच अंगाला लागायचा! सराव सगळा जुन्या पायजम्यावर.

शर्यतीच्या दिवशी तेराव्या किलोमीटरला त्या टिपेनं मांड्या सोलून काढल्या. घाम लागला की मिरची चोळल्यासारखं व्हायचं. मास्तर फेंगडे पळू लागले, मग थांबले.

"तू हो पुढं. तीन तास झाले की शेवटाला दोरी लावतात, मग कोणाला आत घेत नाहीत."

"तुम्ही थांबलात तर मीही थांबणार."

"येडी का काय? आठ महिने मेहनत केलीस ना?"

"दोघांनी केली."

ती खरंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मास्तरांना ही बाई माहीत होती; हलली नसती. म्हणजे आता तिची शर्यतही त्यांच्याच मांड्यांवर येऊन बसली.

"आतली शिलाई टोचतेय ना? मग चड्डी उलटी घाला."

"उलटी? गावासमोर? मी?"

"नाहीतर बसा इथंच इज्जत धरून."

मास्तर पाण्याच्या टँकरमागं गेले. बायको पाठ करून पहाऱ्याला. बाहेर आले तेव्हा दोऱ्याची टोकं, खिशाचं अस्तर, सगळं चव्हाट्यावर.

सोललेली कातडी काही भरून येणार नव्हती, पण आता कोणी तिच्यावर कानस फिरवत नव्हतं. मास्तर दात आवळून निघाले. बायको पुढं जायची, मागं वळून बघायची, यांचं डोकं दिसलं की पुन्हा सुटायची.

अठराव्याला एक जुनं गिऱ्हाईक ओरडलं, "मास्तर, चड्डी उलटी!"

"ठाऊक आहे! काम बघ आतनं किती साफ आहे!"

लोक हसले. मास्तरांना हसायला दम नव्हता. शेवटचा चढ आला. दोरीवाला माणूस टोक हातात घेऊन घड्याळ बघत होता. मास्तरांनी बायकोच्या पाठीत हात लावून ढकललं, "पळ!" तिनं तोच हात मनगटाशी पकडून त्यांना ओढलं. एकमेकांना ढकलत-ओढत दोघं आत पडली. दोन तास एकोणसाठ मिनिटं.

बायको रस्त्यावरच फतकल मारून बसली. म्हणाली, "बसा ना."

"आता आठवडाभर काय बसवायचं नाही," मास्तर म्हणाले आणि पाय फाकवून, पदक गळ्यात घालून उभेच राहिले.