मागून पट्टा लावलेली चप्पल

आमच्या वडूजच्या घरात सगळ्यांच्या चपलांना मागून पट्टा असतो. चप्पल शिवणाऱ्या काकांना सांगावंही लागत नाही. आमच्या घरचा जोड म्हटला की ते आपणहून पट्टा शिवतात. वडिलांना होता, भावाला आहे, आणि लग्न होऊन सांगलीला आले तरी मीही सोडला नाही. घराण्याची रीत म्हणून मला त्याचा थोडा तोराच होता.

भावाची मुलगी पोलीस भरतीच्या तयारीसाठी सांगलीतल्या माधवनगरला माझ्याकडे राहायला आली. वय एकोणीस. वर्दीशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण मैदानावरून आठवड्यातून दोनदा तरी पडून यायची. घोटा मुरगळायचा, बुटांची टोकं महिन्यात झिजायची.

"आवं आत्या, पंजाच उचलत न्हाई," ती म्हणायची.

मी निवृत्त शिक्षिका. सबबी ऐकण्यात हयात गेली. "नाचता येईना अंगण वाकडं," मी सुनावायचे. फोनवर भाऊ त्यावर कडी करायचा, "लय आळशी झालीया. पळव तिला!" मी तीन महिने पळवली.

मग एक दिवस ती स्वयंपाकघरात, सपाट फरशीवर, हातात पाण्याचा तांब्या असताना पडली. तिथे सबब सांगायचं काही कारणच नव्हतं. तेव्हा कुठे मी तिला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी तिच्या पायांना चिकटपट्ट्या लावून विजेचे बारीक झटके दिले आणि पडद्यावरच्या रेषा पाहिल्या. नसांतून निरोप फार हळू जातोय, म्हणाल्या.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"छे! आमचं घराणं धडधाकट," मी ताडकन म्हणाले.

त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "चपलेला पट्टा कशासाठी?"

"आमच्याकडे सगळेच लावतात. नाहीतर निसटते पायातून."

बोलता बोलता माझीच नजर त्या पट्ट्यावर गेली. त्यांनी मला चपला काढून, पंजे उचलून टाचांवर चालायला सांगितलं. मला चार पावलंसुद्धा जमली नाहीत.

आजार बहुतेक घराण्यातूनच आलेला, कुणात सौम्य, कुणात जास्त. रक्त तपासून खात्री करू, त्या म्हणाल्या. पायाला आधाराची पट्टी आणि व्यायाम लागणार होता. पळणं मात्र आजपासून बंद. म्हणजे भरतीही संपली.

बाहेर बाकावर ती खाली बघत बसली. मला माझी भयंकर लाज वाटत होती. "चुकलं गं माझं," मी म्हणाले आणि भावाला फोन लावायला घेतला. तिने माझा हात धरला.

"पप्पांना आदी सांगा, मी आळशी न्हवते. आजाराचं मागनं सांगा."

मी त्याच क्रमाने सांगितलं. पहिलं वाक्य म्हणायलाच मला वेळ लागला.