चित्र आखडलं म्हणजे

रामाकोन्याच्या शिवारात, संत्र्याच्या बागेला लागून यशवंतरावांचं घर आहे. त्या घरात मागे भलंमोठं पोट असलेला जुना टीव्ही होता आणि तो बिघडला होता. दिवसभर नीट चालायचा. दिवेलागण झाली की चित्र चारी बाजूंनी आत ओढलं जायचं. भोवती काळी चौकट, आणि मधे बातम्या सांगणारी बाई बिचारी अंग चोरून बसलेली. यशवंतराव रोज चिडायचे. त्यांची बायको वच्छला मात्र तो बिघाड जिवापाड जपत होती.

जपण्याचं कारण बागेपलीकडच्या मक्यात होतं. रानडुकरांनी मका लोळवला तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, गजेंद्रनं, वावराभोवती उघडी तार ओढली आणि अंधार पडायच्या सुमाराला तिच्यात करंट सोडायला सुरुवात केली. डुक्कर एकही मेलं नाही. शेजाऱ्याचा बैल मेला. यशवंतराव एरवी कोणाला अरे म्हणणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी पोराला अंगणात उभं केलं आणि शांतपणे सांगितलं, "पुन्हा करंट सोडला तं मी सोता ठाण्यात जाऊन तुह्यं नाव देईन." आणि हा माणूस नुसता बोलणारा नव्हता. सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात खरी साक्ष देऊन आला होता आणि त्यापायी भावाचं घर कायमचं तुटलं होतं. गजेंद्रनं बापाच्या पायाला हात लावून शपथ घेतली. बाप निवला. आईही निवली.

पंधराएक दिवस टीव्हीचं चित्र कडेपर्यंत भरलेलं राहिलं. मग एका संध्याकाळी ते पुन्हा आखडलं. वच्छला चार यत्ता शिकलेली, पण बैल मेला त्याच्या आधीही चित्र रोज असंच आखडायचं आणि करंट बंद होता तेवढे दिवसच ते भरलेलं राहिलं, हे तिच्या ध्यानात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवऱ्या आणायच्या निमित्तानं ती मक्याकडं गेली. गवतात तार होती. दिवसा मुकी पडलेली, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये अशी. गोवऱ्या न घेताच ती घरी परतली.

तिनं गजेंद्रला विचारलं. तो म्हणाला, झटका बसते फक्त, जीव नाही जात. बैलाचं काय, असं विचारल्यावर तो उठून गेला. नवऱ्याला सांगावं तर तो सकाळच्या पहिल्या गाडीनं सौसरच्या ठाण्यात जाणार, हे तिला सूर्य उगवण्याइतकं पक्कं माहीत होतं. सून तृप्ती बाळंतपणाला तिगावला माहेरी गेलेली. लेकराचं तोंड पाहायच्या आधी बाप तुरुंगात, हे वच्छलाला सोसणारं नव्हतं. आणि न सांगावं, तर यशवंतराव रोज संध्याकाळी गावातल्या मारुतीच्या पारावरून घरी यायचे ते त्याच मक्याच्या बांधावरून. पायवाट तारेला खेटून. उतरतं वय, सांजेचा अंधूक उजेड, दवानं भिजलेलं गवत.

मग तिनं एक युक्ती काढली. संध्याकाळी टीव्ही लावून बसायचं. चित्र भरलेलं असलं तर गप्प राहायचं. आखडलं की लगेच नवऱ्याला फोन करायचा आणि सडकेवरच्या दुकानातून काहीतरी आणायला सांगायचं, म्हणजे माणूस बांध सोडून सडकेनं येतो. कधी साखर, कधी चहापत्ती, आणि काही सुचलं नाही की माचिस. फळीवर माचिसच्या पेट्यांची थप्पी लागली. यशवंतराव विचारायचे, "तू दुकान टाकून राहिली का वच्छे?" ती हसायची आणि पेटी थप्पीवर ठेवायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण यशवंतरावांना टीव्हीचा कंटाळा आला आणि त्यांनी सौसरहून मुकुंदला बोलावलं.

मुकुंद म्हणजे त्या भागात जुने टीव्ही उघडणारा शेवटचा माणूस म्हटलं तरी चालेल. आता कोणी त्याच्याकडं असले डबे आणत नाही, त्यामुळे एखादा मिळाला की त्याला सणासारखं वाटायचं. वच्छलानं परोपरीनं सांगून पाहिलं की राहू द्या भाऊ, आम्हाला चालते. तो कुठला ऐकतो. त्यानं मागचं झाकण काढलं, वर्षानुवर्षांची धूळ फुंकली, आणि कोणी आत हात घालू नका, बंद असला तरी याच्या पोटात करंट राहते, असं सगळ्यांना बजावलं. ते ऐकून वच्छला मागं सरकली.

एक-दोन भाग बदलून झाले. फरक नाही. टीव्ही सौसरला दुकानात नेला, तर तिथं चित्र ठणठणीत. परत आणला, तर संध्याकाळी पुन्हा काळी चौकट. आता मुकुंद इरेला पेटला. एका दिवशी चहा घेत तो अंधार पडेस्तोवर बसून राहिला. बटणांच्या बोर्डात व्होल्टेज मोजायचं मीटर खुपसलेलं, डोळे काट्यावर. गजेंद्र विहिरीकडं गेला आणि थोड्याच वेळात काटा खाली पडला. चित्रही आत गेलं. तेवढ्यात गजेंद्र परत आला.

"काकाजी, बिघाड टीव्हीत नाही," मुकुंद म्हणाला. "लाइनीत हाये. या टायमाले तुमच्या इथं काहीतरी चालू होऊन राहिलं."

वच्छलानं हातातली कपबशी खाली ठेवली. यशवंतरावांनी मुलाकडं पाहिलं. गजेंद्रची मान वर झाली नाही. मोटर, असं तो म्हणाला. विहिरीकडून मोटरीचा आवाज येत नव्हता, पण यशवंतरावांना अलीकडे तेवढं ऐकू येत नसे, आणि मुकुंद दुसऱ्याच्या घरात चहा पिणारा माणूस, तो कशाला खोलात शिरतो. त्यानं सरळ इलाज सांगितला.

"विहिरीजवळच्या पेटीत तीन फेज येतात, म्हंजे तीन अलग लाइनी. घर ज्या फेजवर हाये, त्याच्यावरच तुमचा तो लोड पडून राहिला. तो दुसऱ्या फेजवर टाका. मंग तिकडं काहीही चालू ठेवा, इथं चित्र आखडनार नाही."

वच्छलाला फेज आणि लोड यातलं काही कळलं नाही. पोरगं पकडलं गेलं नाही, एवढंच कळलं, आणि तिनं देवापुढं मनातल्या मनात नारळ कबूल केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र विहिरीजवळच्या पेटीत बराच वेळ काहीतरी करत होता. त्या संध्याकाळी चित्र भरलेलं राहिलं. वच्छलानं तरी फोन केला, माचिस मागवली. पुढच्या संध्याकाळीही चित्र हललं नाही, तरी तिनं चहापत्ती मागवली. तिला वाटलं, मुकुंदच्या बोलण्यानं पोरगं घाबरलं, तार काढली त्यानं. सकाळी गवतात पाहून यावं असं तिच्या मनात आलं होतं. पण पाहून यायचं म्हणजे पुन्हा पोटच्या पोरावर संशय घ्यायचा, आणि त्या संशयाचा तिला आता वीट आला होता. ती गेली नाही.

तिसऱ्या दिवशी गजेंद्र दुपारपासून पांढुर्ण्याला संत्र्याच्या व्यापाऱ्याकडं जायच्या गडबडीत होता. जाण्याआधी विहिरीकडं एक चक्कर टाकून तो निघाला. दिवस बुडाला. वच्छलानं टीव्ही लावला. चित्र काठोकाठ, रंग स्वच्छ, बातम्या सांगणारी बाई ऐसपैस बसलेली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. चित्राची कड तसूभर सरकली नाही. कित्येक महिन्यांनी तिचे खांदे सैल झाले. फोन लावून ती नवऱ्याला म्हणाली, "काही आनू नोका आज. सडकेनं कायले फेरा मारता? सरळ बांधावरून या, भाकरी गरम हाये."

यशवंतराव हसले, माचिस पुरली वाटते, म्हणाले आणि निघाले.

पार ते घर, वाट काही फार नाही. भाकऱ्या झाल्या. भाजीला उकळी आली. तिनं ताट घेतलं, पाण्याचा लोटा भरला, दारात जाऊन पाहून आली. मक्यावर अंधार उतरला होता आणि वारा पडला होता. गाठ पडली असेल कोणाची, असं म्हणून तिनं ताटावर झाकण घातलं. परत फोन लावला. तो वाजत राहिला, आणि मक्याच्या बाजूनं तिला त्यांच्या फोनचा सूर बारीक ऐकू आला.

तेवढ्यात गजेंद्रची मोटरसायकल अंगणात शिरली. बाबा कुठं, त्यानं विचारलं. वच्छला म्हणाली, बांधावरून येत आहेत, मघाच निघाले.

गजेंद्रनं गाडी तशीच टाकली. तो बांधाकडं धावला नाही. तो विहिरीकडं धावला, पेटीकडं. ते पाहिलं आणि वच्छलाला सगळं कळलं.

यशवंतराव तारेवर आडवे पडले होते. गावातली माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन आली तेव्हा तार थंड झाली होती आणि तेही. गजेंद्र आईच्या पायाशी कोसळला. उद्या काढणारच होतो माय, मका निघाला की काढणारच होतो, बाबा तं आजकाल सडकेनंच येत होते, असं पुन्हा पुन्हा म्हणत तो रडत राहिला. वच्छलानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि त्याला दूरही ढकललं नाही.

"तू काहाडली असंच वाटलं मले," ती म्हणाली. "म्हनून मीच त्याइले बांधावरून बोलावलं."